लोणारच्या चिखलाचा १६एस डेटा हातात आहे, बायोइन्फॉर्मॅटिक्स कुठून सुरू करू?

खारं_पाणी
नमस्कार. माझं एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय. मूळची मेहकरची, त्यामुळे लोणार सरोवर लहानपणापासून पाहत आलेय. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग मीठप्रेमी आर्कियांचा (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) असल्याचं सांगितलं, तेव्हाच ठरवलं की काम करायचं तर याच्यावर. आता आमच्या गाइडकडे काठच्या चिखलाचा १६एस (कुठले सूक्ष्मजीव आहेत ते ओळखायला वापरतात ते जनुक) सिक्वेन्सिंग डेटा आलाय. कंपनीने फास्टक्यू फाइल्स (कच्चे सिक्वेन्स) आणि सोबत रंगीत तक्त्यांची पीडीएफ दिली आहे.
प्लेटिंग, डीएनए काढणं, पीसीआर यात हात बसलेला आहे. कॉम्प्युटरचं मात्र शून्य. लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम. आधी पायथन शिकू की आर? क्लासची फी परवडणारी नाही. आणखी एक शंका: पीडीएफमध्ये आर्किया एक टक्कासुद्धा दाखवलेले नाहीत. मला हे पटत नाहीये.

टर्मिनल
पायथनही नको आणि आरही नको, आधी लिनक्सची कमांड लाइन. विंडोजमध्येच डब्ल्यूएसएल टाकून उबुंटू चालवता येतं. फोल्डर बदलणं, फाइल उघडून बघणं, ग्रेप (फाइलमध्ये मजकूर शोधणं), पाइप (एका कमांडचं उत्तर दुसरीला देणं), एवढं आलं की निम्मी भीती जाते. प्रोग्रॅम कोंडाने (प्रोग्रॅम बसवून देणारं साधन) टाका आणि प्रत्येक मोठ्या टूलसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट ठेवा, नाहीतर एकाच्या लायब्ररीने दुसरं बंद पडतं. जे लॅपटॉपला झेपणार नाही त्यासाठी गॅलॅक्सीचा युरोपातला सर्व्हर आहे. तो फुकट आहे, ब्राउझरमधून चालतो आणि त्याचे सरावाचे धडेही मोकळे आहेत.

सिक्वेन्स_ताई
टर्मिनल यांचं बरोबर आहे, पण मी क्रम थोडा वेगळा सांगेन. तुझा स्वतःचा डेटा थोडे दिवस बाजूला ठेव. चिखलातल्या अख्ख्या जीवसमूहाच्या डेटात खरं उत्तर काय ते कुणालाच ठाऊक नसतं, त्यामुळे आपलं चुकतंय की निसर्गच तसा आहे हे नवख्या माणसाला कळत नाही. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे अशा एका जिवाणूपासून सुरुवात कर.

ई. कोलाय के-१२, एमजी१६५५ घे. त्याचा पूर्ण जीनोम १९९७ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ४६ लाख बेस, एकच गोल गुणसूत्र. याचे इल्युमिना रीड्स (मशीनने वाचलेले डीएनएचे छोटे तुकडे) युरोपीय न्यूक्लिओटाइड आर्काइव्हमधून थेट उतरवता येतात. फास्टक्यूसीने दर्जा बघ. क्यू२० म्हणजे शंभरात एक अक्षर चुकीचं असण्याची शक्यता, क्यू३० म्हणजे हजारात एक. मग फास्टपीने साफसफाई, स्पेड्सने जुळणी (रीड्स जोडून जीनोम उभा करणं), क्वास्टने मोजमाप, बाक्टाने जनुकांची नावं. स्पेड्सपासून पुढचं गॅलॅक्सीवर कर.

जुळणीनंतर एक सलग गोल मिळणार नाही, बरेच तुकडे मिळतील. इथे थांब आणि ते तुटले कुठे ते शोध. बऱ्याच तुकड्यांच्या टोकाशी तुला रायबोसोमल आरएनएची जनुकं किंवा उड्या मारणारे घटक सापडतील. ई. कोलायमध्ये रायबोसोमल ऑपेरॉनच्या (त्या जनुकांच्या एकत्र गटाच्या) सात प्रती आहेत, प्रत्येकी साधारण पाच हजार बेसची. आपला रीड दीडशे बेसचा. सातांपैकी कुठल्या प्रतीतून तो आला हे त्याला सांगताच येत नाही. लांब रीड्सची गरज का पडते, हे एवढ्यावरून कायमचं लक्षात राहतं.

१६एस हे याच ऑपेरॉनमधलं जनुक, म्हणून त्याच सात प्रती तुझ्या १६एसच्या तक्त्यालाही लागू आहेत. ज्याच्याकडे सात प्रती तो एक प्रतवाल्यापेक्षा जास्त दिसणार. म्हणून पीडीएफमधले टक्के हे पेशींचे टक्के नव्हेत.

त्यानंतर आर आणि त्यातलं डाडा-टू, म्हणजे १६एसचे रीड्स साफ करून नेमके सिक्वेन्स काढणारं पॅकेज. त्याच्या प्रसिद्ध धड्यात रीड २४० आणि १६० वर कापलेले आहेत, ते आकडे जसेच्या तसे उचलू नकोस. तो धडा व्ही४ चा (१६एस जनुकातल्या बदलत्या भागांपैकी एक) आहे, तुकडा सुमारे अडीचशे बेसचा. कंपन्या बहुधा व्ही३-व्ही४ करून देतात, तो ४६० च्या आसपास. २४० आणि १६० मिळून ४००, मग दोन रीड एकमेकांवर येणार कसे?

आता आर्कियांचं. तुला पटत नाहीये ना, ती शंका धरून ठेव. पीडीएफमध्ये प्रायमर (पीसीआरमध्ये जनुकाचा भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) कोणते लिहिलेत?

खारं_पाणी
ताई, ३४१एफ आणि ८०५आर. व्ही३-व्ही४ च आहे.

सिक्वेन्स_ताई
मग संशय तिथेच घ्यायचा. नेहमी वापरला जाणारा ३४१एफ हा जिवाणूंवर बेतलेला आहे, अनेक आर्कियांच्या जनुकाशी तो पूर्ण जुळत नाही. पीसीआर तू स्वतः केलेला आहेस, एका ठिकाणी न जुळणारा प्रायमर प्रत्येक चक्राला किती मागे पडतो हे तुला वेगळं सांगायला नको. त्यामुळे या तक्त्यावरून चिखलात आर्किया नाहीत असं म्हणता येत नाही. ते खरंच कमी असतील, पण हा डेटा त्याचा पुरावा नाही.

तपासून बघ. हॅलोबॅक्टेरियम सॅलिनेरमचं (नावात बॅक्टेरियम असलं तरी हा मीठप्रेमी आर्किया आहे) १६एस एनसीबीआयच्या सिक्वेन्स-संग्रहातून घे आणि प्रायमर त्याच्या शेजारी अक्षराला अक्षर लावून वाच. मग सिल्वाच्या (रायबोसोमल आरएनएच्या सिक्वेन्सचा संग्रह) संकेतस्थळावर टेस्टप्राइम आहे, त्यात ही जोडी टाकून आर्कियांच्या कुठल्या गटात किती जुळते ते काढ. याला कोडिंग लागत नाही, लॅपटॉपवर आज रात्री होईल. निकाल गाइडना दाखव आणि उरलेल्या डीएनएवर ५१५एफ-८०६आर ची सुधारित जोडी लावता येईल का ते विचार, ती जिवाणू आणि आर्किया दोन्ही धरते. पैसे असतील तर एका नमुन्याचा शॉटगन मेटाजीनोम (एक जनुक न निवडता सगळाच डीएनए वाचणं), त्यात प्रायमरचा प्रश्नच उरत नाही.

कंपनीला एक ईमेलही कर: डीएनए न घातलेला कोरा नमुना सोबत चालवला होता का? एक्स्ट्रॅक्शन किटमध्येच जिवाणूंचा डीएनए असतो, आणि तुझ्या नमुन्यात मुळात डीएनए कमी असेल तर तोच वर तरंगतो.

खारं_पाणी
ईमेल केली. डीएनए अजून शिल्लक आहे, उणे ८० मध्ये. टेस्टप्राइमचं काय निघतंय ते उद्या इथेच टाकते.