दाखल करायचं की घरी पाठवायचं?
‘जीव देईन म्हणाला, तरी डॉक्टरांनी घरी कसं पाठवलं?’ असं एकांनी विचारलंय, त्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी धाकटा भाऊ असंच म्हणाला, तेव्हा त्याला रात्री अकराला कोथरूडहून रिक्षाने हॉस्पिटलला नेलं होतं. डॉक्टर आधी त्याच्याशी एकट्याशी बोलले. मग मला विचारलं, घरात गोळ्या कुठे असतात? रात्री जवळ कोण झोपेल? उद्या परत आणाल ना? बेत पक्का आहे का, साधन हाताशी आहे का, सोबत कोण, यावर बरंचसं ठरतं. आईची बीपीच्या गोळ्यांची पिशवी त्याच रात्री शेजारच्या काकूंकडे गेली.

शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, नातेवाईक म्हणतात म्हणून थेट येरवड्याच्या मनोरुग्णालयात धाडता येत नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ किंवा डॉक्टर, दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. अपरात्री काही सुचेना तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात.