रक्तातलं मिथायलेशन आणि बीएमआय: कारण की परिणाम?

प्रश्न
रक्ताच्या नमुन्यांवर एपिक ॲरे (मिथायलेशन, म्हणजे डीएनएवर बसणाऱ्या रासायनिक खुणा, मोजणारी चिप) चालवला, म्हणजे सुमारे साडेआठ लाख सीपीजी जागा (डीएनएवर जिथे अशी खूण बसते त्या). बीएमआयशी (उंची-वजनावरून काढलेला लठ्ठपणाचा आकडा) ताडून पाहिल्यावर बऱ्याच जागा वर आल्या, त्यात एचआयएफ३ए जनुकातल्यासुद्धा. 'या बदलांमुळे लठ्ठपणा येतो' असं लिहिलं तर चालेल?

प्रतिसाद १
नाही. आणि कशामुळे काय, हा दिशेचा वाद नंतर, आधी पेशी बघा. लठ्ठपणात सौम्य दाह असतो, रक्तात न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचं प्रमाण वाढतं. त्यांच्या मिथायलेशनची ठेवण लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशींपेक्षा वेगळी, त्यामुळे एकाही पेशीच्या आत काही न बदलता नुसत्या सरमिसळीने आकडा हलतो. हाउसमन पद्धतीने (मिथायलेशनवरूनच) पेशींचं प्रमाण काढून सांख्यिकी मॉडेलमध्ये घाला. वय, लिंग, चिप आणि चिपवरची ओळही. धूम्रपानाच्या उत्तरांवर विसंबू नका, एएचआरआर जनुकातली सीजी०५५७५९२१ ही जागा बघा, ओढणाऱ्यांत तिथलं मिथायलेशन घसरलेलं असतं.

पी-मूल्याची (निव्वळ योगायोगाने असं दिसण्याची शक्यता) मर्यादा किती धरलीय? ०.०५ धरली असेल तर साडेआठ लाखांत ४२,५०० जागा योगायोगानेच येतील. ९×१०⁻⁸ ठेवा.

प्रतिसाद २
एवढं करूनही जे उरेल ते बहुधा परिणामच. २०१७ साली 'नेचर'मध्ये १० हजारांहून जास्त नमुन्यांचा अभ्यास आला होता: बीएमआयशी जोडलेल्या १८७ जागा, आणि त्यातले बहुतेक बदल चरबी वाढल्यामुळे झालेले. एचआयएफ३एबद्दलही तेच दिसलंय.

तपासायला मेंडेलियन रँडमायझेशन, म्हणजे जनुकीय भेद वापरून कारण-परिणाम ओळखण्याची पद्धत. एफटीओ जनुकातल्यासारखे बीएमआय वाढवणारे भेद जन्मतः ठरलेले असतात, मिथायलेशनने ते बदलत नाहीत. त्यांचा एकत्र स्कोअर मिथायलेशनशी जुळला तर बाण बीएमआयकडून मिथायलेशनकडे. उलट बाजूसाठी त्या सीपीजीच्या शेजारचे भेद घ्या. मात्र भेद दुसऱ्याच वाटेने परिणाम करत असेल तर हा सगळा डोलारा कोसळतो.

प्रतिसाद ३
परिणाम आहे म्हणून टाकाऊ नाही हं. २०२४ मध्ये उंदरांवर दिसलं की वजन उतरल्यावरही चरबीपेशींतल्या हिस्टोनवरच्या (डीएनए ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरच्या) खुणा पूर्ण पुसल्या जात नाहीत, आणि चरबीयुक्त खाणं पुन्हा दिलं की वजन लवकर चढतं. माणसांच्या नमुन्यांत मात्र त्या अभ्यासात आरएनए (जनुकं किती चालू आहेत ते दाखवणारा रेणू) मोजला होता, हिस्टोनवरच्या खुणा नाहीत.

प्रश्नकर्ता
मग रक्ताऐवजी चरबीचेच तुकडे घेतले तर?

प्रतिसाद १
घ्या, पण कातडीखालची आणि पोटातली एकत्र करू नका. शिवाय चरबीपेशी आकाराने मोठ्या, संख्येने कमी. तुकड्यातला बराचसा डीएनए रोगप्रतिकारक आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींचा निघतो. चरबीपेशींची केंद्रकं वेगळी काढली नाहीत तर सरमिसळीची भानगड तिथेही आहेच.