डायलिसिस पोस्टिंग आणि कमी ऐकू येणारी विद्यार्थिनी: फिस्टुला कसा शिकवायचा?

ट्यूटर_मेडसर्ज
बीएस्सी नर्सिंगची एक विद्यार्थिनी दोन्ही कानांना श्रवणयंत्र वापरते. पुढच्या महिन्यात डायलिसिस युनिटची पोस्टिंग आहे. चेकलिस्टमध्ये ‘स्टेथोस्कोपने ब्रुई ऐकते’ असं कलम आहे, म्हणजे फिस्टुलातून (डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेला मार्ग) वाहणाऱ्या रक्ताचा आवाज ऐकणं. स्टाफरूममधलं मत असं की तिला रजिस्टर आणि स्टोअरवर बसवा. मला ते पटत नाही. काय करता येईल?

फिस्टुला_नीट_बघा
मॅडम, आधी चेकलिस्ट बदला. तपासायचं आहे ते फिस्टुला चालू आहे का आणि अडथळा कुठे आहे, एवढंच. ब्रुई हा त्याचा एक मार्ग. बाकीचे मार्ग हाताचे आणि डोळ्यांचे आहेत.

थ्रिल, म्हणजे रक्ताच्या वेगाने त्वचेखाली जाणवणारी थरथर, बोटांनी हलकेच टेकून बघायचं. जोरात दाबलं तर थ्रिल हरवतं, फक्त नाडी लागते, आणि नवी मुलं ‘चालू आहे’ लिहून मोकळी होतात. मग हात हृदयाच्या वर उचलायला सांगा. शीर ओसरली तर ठीक. टम्म राहिली तर पुढे, म्हणजे खांद्याच्या बाजूला, अरुंदपणा आहे. तिसरं, धमनी-शिरेच्या जोडापासून थोडं वर शीर बोटाने बंद करा. जोडाकडची नाडी जोरात उसळायला हवी. नाही उसळली तर रक्त आत येतानाच अडतंय. ह्यात कान कुठेच लागत नाही.

सुई टोचण्यात तर ऐकण्याचा संबंधच नाही. नवा फिस्टुला असेल तर १७ गेजच्या बारीक सुईपासून सुरुवात, कोन साधारण २५ अंश, जोडापासून निदान ३ सेंमी दूर. दर वेळी त्याच जागी टोचलं की तिथे फुगवटा येतो, म्हणून जागा बदलत जायचं.

अलार्म_पॅनेल
वरच्याशी सहमत, पण स्टेथोस्कोप सोडून देऊ नका. इलेक्ट्रॉनिक स्टेथोस्कोप मिळतो. काही मॉडेल आवाज श्रवणयंत्रात पाठवतात, काही मोबाईलवर लहरी दाखवतात. एक अडचण: श्रवणयंत्र बोलण्याच्या आवाजासाठी जुळवलेलं असतं, आणि निरोगी फिस्टुलाची ब्रुई खालच्या पट्टीतली. त्यामुळे ऐकू आलं नाही म्हणजे फिस्टुला बंद, असं तिने समजू नये. ऑडिओलॉजिस्टकडून वेगळी सेटिंग करून घ्या.

खरी काळजी अलार्मची. मशीनवरचा दिवा दिसेल अशीच तिची जागा ठरवा, पाठ मशीनकडे नको. मात्र दिवा-भोंगा दोन्हींवर फार विसंबू नये, हे सगळ्याच वर्गाला सांगा. रक्त शरीरात परत नेणारी शिरेची सुई निसटली तरी व्हीनस प्रेशर (परत जाणाऱ्या रक्ताचा मशीनवर दिसणारा दाब) दर वेळी अलार्मच्या मर्यादेखाली जात नाही. पंप ३०० मिली प्रति मिनिट असेल तर साडेतीन मिनिटांत लिटरभर रक्त गादीत. म्हणून हात चादरीखाली कधीच नको. इथे नजर पक्की असलेली मुलगी उलट उपयोगी.

मास्कमुळे तिला ओठ वाचता येणार नाहीत. पारदर्शक मास्क किंवा बेडजवळ पांढरा बोर्ड ठेवा. हँडओव्हर (पाळी बदलताना दिली जाणारी पेशंटची माहिती) लेखी घ्या: ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), आजचं वजन, किती पाणी काढायचं, हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध), शेवटचा बीपी.

ट्यूटर_मेडसर्ज
उपयोगी आहे. प्राचार्य म्हणतात, दिव्यांगत्वाची टक्केवारी बघून नियमात बसत नाही असं लिहून द्या.

कायदा_आणि_क्लिनिकल
ते लिहू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोय नाकारणं हाच भेदभाव मानला आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एमबीबीएस प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं, की नुसत्या टक्केवारीवरून कोणी अपात्र ठरत नाही, प्रत्यक्ष काम जमतं का ते तपासा. निकाल वैद्यकीय प्रवेशाचा आहे, तरी युक्तिवाद इथेही टिकतो. प्राचार्यांपुढे वाद नको. बदललेली चेकलिस्ट, अलार्मची सोय आणि हँडओव्हरचा नमुना, असे दोन-तीन कागद ठेवा.

फिस्टुला_नीट_बघा
कलम असं लिहा: ‘फिस्टुला तपासून चालू/बंद ठरवते, अडथळ्याची जागा सांगते आणि बंद किंवा अडथळा आढळल्यास सुई न टोचता सिनिअरला कळवते.’ शेवटचा तुकडा सगळ्यांसाठी ठेवा. परीक्षेत तोच जास्त चुकतो.