मूत्राशयाच्या कॅन्सरला एकटा सर्जन पुरतो?

"सर्जन चांगला गाठला की झालं, बाकीचे डॉक्टर कशाला" असं कुणीतरी लिहिलंय. मला अर्धंच पटलं.

आमच्या कागलच्या मामांचं सांगतो. लघवीतून रक्त जायचं, दुखणं काही नाही. मामा म्हणायचे, उन्हाळी लागलीय. (विडी चाळीस वर्षं!) दुर्बिणीतून गाठ काढली, पण तपासणीला गेलेल्या तुकड्यात लघवीच्या पिशवीच्या भिंतीतला स्नायूच आला नव्हता. आणि गाठ स्नायूत शिरलीय का, यावरच तर सगळं ठरतं. वरवरची पण जोखमीची असेल तर पिशवीत बीसीजी सोडतात (हो, क्षयाची लसच, १९७६ पासूनचा उपाय). शिरली असेल तर पिशवी काढायची, किडनी धड असली तर त्याआधी सिस्प्लॅटिन या औषधाची केमो. काहींची पिशवी केमो-रेडिएशननं वाचतेही. म्हणजे केमोवाला, रेडिएशनवाला आधीच बसायला हवा, ऑपरेशननंतर नव्हे.

आम्ही मात्र कोल्हापुरात राजारामपुरी ते शाहूपुरी फाईल घेऊन हिंडत होतो, प्रत्येकाचं मत वेगळं. शेवटी तुकडा तपासणाऱ्या पॅथॉलॉजिस्टनंच सर्जनला फोन करून पुन्हा तुकडा मागवला. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी केस ट्यूमर बोर्डात (म्हणजे हे सगळे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात त्या बैठकीत) ठेवली का, एवढं विचाराच. मामांनी विडी सोडलीय, असं मामी तरी म्हणते.