−२ ३/४ कसं वाचायचं: वजा, उणे की ऋण?

निरगुडी
सातवी-आठवीसाठीचा एक सरावसंच इंग्रजीतून मराठीत आणते आहे. धन-ऋण अपूर्णांक आणि दशांश अपूर्णांक, त्यांच्या चारही क्रिया. मुलं उदाहरण मोठ्याने वाचून मग सोडवतात, म्हणून प्रत्येक संख्येशेजारी ती कशी वाचायची तेही द्यायचं आहे. पहिल्याच पानावर अडले.

उदाहरण असं: (−२ ३/४) + १/२. मी लिहिलं, 'वजा दोन पूर्णांक तीन छेद चार'. पडताळा म्हणून भाचीला सोडवायला दिलं. तिने −२ + ३/४ = −१ १/४ केलं, त्यात अर्धा मिळवला आणि −३/४ उत्तर आणलं. हवं होतं −२ १/४. विचारलं तर म्हणाली, "वजा दोनालाच लागलंय ना, पूर्णांक म्हटलं की ते तिथे संपलं." तिचं बोलणं ऐकून चूक माझ्या वाचण्यातच आहे असं वाटलं. मग 'उणे पावणेतीन' लिहिलं. त्यावर आई म्हणाली, उणे तापमानाला म्हणतात, गणितात वजाच. एक सहकारी म्हणतात, दोन्ही चूक, 'ऋण' लिहा. काय लिहू?

खडूफळा
ताई, वजा ही क्रिया आहे आणि ऋण हा संख्येचा गुण आहे. हे दोन शब्द वेगळे ठेवलेच पाहिजेत. ५ − (−२) हे 'पाच वजा वजा दोन' असं वाचलं की वर्गातली निम्मी मुलं एक वजा गाळतात आणि तीन उत्तर आणतात. 'पाच वजा ऋण दोन' वाचलं की थांबतात, विचार करतात. तुमच्या उदाहरणात मी सुरुवातीचे आठ दिवस कंसच घालायला लावतो: −(२ + ३/४). नंतर सरळ अंशाधिक करून −११/४. मग चिन्ह कोणाला लागलंय हा प्रश्नच राहत नाही.

अक्षरगणेश
भाचीची रीत अगदी निराधार नाही हं. आम्ही लॉगची कोष्टकं वापरायचो तेव्हा ०.०२ चा लॉग 'बार टू पॉइंट तीन शून्य एक शून्य' असा असायचा. त्यात बार फक्त दोनाला, पुढचा भाग धनच. म्हणजे −२ + ०.३०१०. तिने नेमकं तेच केलं. म्हणूनच तो बार दोनाच्या डोक्यावर काढत, डावीकडे नाही.

शुद्धमती
ऋणच लिहा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धान्तात धन आणि ऋण हेच शब्द वापरून बेरजेपासून भागाकारापर्यंत नियम दिले. वजा अरबी आहे. आपल्याकडे इतका जुना आणि नेमका शब्द असताना मुलांना उसना का द्यायचा? दशांशाला 'पॉइंट' म्हणणंही याच वेळी बंद करा.

घाटमाथा
मग 'वजाबाकी'त काय उरतं? वजाही अरबी, बाकीही अरबी. हिशेब, जमा, खर्च हे सगळे तिकडचेच. आमच्या आजोबांच्या किराणा दुकानाच्या खतावणीत दुसरे शब्दच नव्हते, आणि त्यांच्याइतकं स्वच्छ मराठी मी फार कमी जणांचं ऐकलं. शिवाय ऋण म्हणजे तरी काय? कर्ज. तोही सावकारीतूनच गणितात आला.

वजाची एक गंमत सांगतो. 'विनंतीवजा पत्र', 'सूचनावजा मजकूर' यातला वजा आणि हिशेबातला वजा मुळात एकच. त्या अरबी शब्दाला ठेवणं, खाली ठेवणं हा अर्थ. त्यातून एकीकडे ठेवण, धाटणी निघाली आणि दुसरीकडे रकमेतून बाजूला काढणं. इतका रुळलेला शब्द परका कसा म्हणायचा?

शुद्धमती
रुळला म्हणून आपला होत नाही. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तेव्हाही ते फारसी शब्द रुळलेलेच होते.

घाटमाथा
आणि त्या कोशानंतरही पेशव्यांच्या दफ्तरात जमा-खर्चच लिहिला गेला. लोकांनी ठरवलं.

जुनीपाटी
तुम्ही दोघंही उणेला विसरलात. तो ना अरबी, ना ग्रंथातून आणलेला. तो आपल्या तोंडात बसलेला आहे. एकोणीस म्हणजे एक ऊन वीस. पाऊण म्हणजे पाद + ऊन, पाव कमी. उणीव, उणंदुणं हे सगळं त्याच घरातलं.

निरगुडीताई, तुमच्या 'उणे पावणेतीन'मध्ये तर ऊन दोनदा आहे. पावणेतीन म्हणजे ३ − १/४. त्याला बाहेरून उणे लावलं की −(३ − १/४), म्हणजे −३ + १/४. भाचीला पूर्णांक आणि अपूर्णांक वेगळे करायचेच असतील तर तिला ही फोड द्या. तिची बेरीज बरोबर येईल.

ही दृष्टी नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात ज्यांच्या घराण्याची माहिती कोरलेली आहे, त्या भास्कराचार्यांनी लीलावतीत (११५०) अपूर्णांकांचे दोन प्रकार शेजारी ठेवले आहेत: भागानुबंध, म्हणजे पूर्ण संख्येला भाग जोडलेला, आणि भागापवाह, म्हणजे भाग काढून घेतलेला. त्यांच्या उदाहरणात पावाधिक दोन आणि पाव कमी तीन एकाच ओळीत येतात. उत्तरं ९/४ आणि ११/४. आपण बाजारात सव्वादोन आणि पावणेतीन म्हणतो तेच. तुमच्या पहिल्या पानावरचा ११/४ तिथलाच आहे! इतका जुना विचार आपल्या बोलण्यात जिवंत असताना मुलांना फक्त 'दोन पूर्णांक तीन छेद चार' शिकवणं मला खरोखर दुःखाचं वाटतं.

निरगुडी
जुनीपाटी, आत्ताच करून पाहिलं. तिने −३ + १/४ + १/२ = −३ + ३/४ = −२ १/४ लिहिलं, न अडखळता. फार बरं वाटलं.

पण पान चारवर दशांश आहेत. −०.५ आणि −०.१२५ यांत मोठी कोणती? ०.१२५ ला 'शून्य पॉइंट एकशे पंचवीस' वाचलं की मुलांना ती ०.५ पेक्षा मोठी वाटते, पाचापेक्षा एकशे पंचवीस मोठे म्हणून. मग 'ऋणात उलटं' हा नियम लावून −०.५ मोठी म्हणतात. बरोबर उत्तर −०.१२५. इथे कसं वाचायला सांगू?

खडूफळा
चिन्हापुढचे अंक सुटे वाचा: शून्य पॉइंट एक दोन पाच. आणि तुलना करताना पुढे शून्यं लिहून स्थानं सारखी करा, ०.५०० आणि ०.१२५. मग संख्यारेषेवर दोन्ही दाखवा. शून्याच्या जवळची ऋण संख्या मोठी, हे डोळ्यांना दिसतं.

कृष्णाकाठ
पॉइंट म्हणू द्या हो. आमच्याकडे डेअरीत गाईच्या दुधाला 'तीन पॉइंट पाच फॅट, आठ पॉइंट पाच एसएनएफ' (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) हेच रोज ऐकू येतं. आई शाळेत फार शिकली नाही, पण फॅट एका पॉइंटने घसरली की दर किती तुटणार हे तोंडी सांगते. तिला 'दशांश चिन्ह' सांगून काय मिळणार?

शुद्धमती
आईंच्या हिशेबाबद्दल आदरच आहे. पण पाठ्यपुस्तकाची भाषा डेअरीने ठरवायची नाही.

जुनीपाटी
०.१२५ साठी पावाचं निम्मं म्हणा ना. माझ्या वडिलांना पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळे पाढे पाठ होते. १९५७ च्या एप्रिलपासून नवे पैसे आले, तेव्हा रुपयाचे सोळा आणे शंभर पैशांत बसवताना एका आण्याला सव्वासहा पैसे पडू लागले. आमच्या गावात लोक कागद घेऊन वडिलांकडे यायचे. ते तोंडीच सांगायचे: तीन आणे, पावणेएकोणीस पैसे.

अक्षरगणेश
औटकी! हा शब्द किती वर्षांनी वाचला. साडेतीनचा पाढा. औट म्हणजे आठचं काहीतरी, असं आम्हाला गुरुजींनी सांगितलं होतं, सात म्हणजे आठात एक उणा आणि त्याचं निम्मं साडेतीन.

जुनीपाटी
नाही, आठाशी काही संबंध नाही. अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा: तीन पूर्ण आणि चौथ्याचा अर्धा. अडीचही तसाच, अर्धतृतीय, तिसरा अर्धा. म्हणून तर साडेदोन म्हणत नाहीत.

कृष्णाकाठ
आमचा मुलगा साडेदोनच म्हणतो, आणि साडेएकही. मी दुरुस्त करणं सोडून दिलं.

शुद्धमती
सोडू नका. अडीच गेला की अडीचशे जाईल, अडीच हजार जाईल.

घाटमाथा
२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात त्रेसष्टला 'साठ तीन' आलं, तेव्हा केवढा वाद झाला. पण जोडाक्षरांवर अडखळणाऱ्या मुलांना त्याने आधार मिळाला, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. मग साडेदोनच काय वाईट? नियम तोच.

जुनीपाटी
त्रेसष्ट गेलं तर अर्थ जात नाही. अडीच गेला तर 'तिसरा अर्धा' ही मोजण्याची एक रीतच जाते.

निरगुडी
मंडळी, पहिली चार पानं शुक्रवारी छपाईला द्यायची आहेत. 'ऋण दोन पूर्णांक तीन छेद चार' आणि खाली 'उणे पावणेतीन', असं दोन्ही दिलं तर चालेल का?

अक्षरगणेश
औट हात देह म्हणतात तोही हाच औट का?

जुनीपाटी
हाच. ज्याच्या त्याच्या हाताने साडेतीन हात, असं म्हणतात.