विषय: शनिवारची स्नोमोबाईल सहल आणि ते 'मैदान'

नाना:
मंडळी, सहलीचे फोटो पाहिले, झकास आहेत. पण चौथ्या फोटोत तिघं ज्या पांढऱ्याशुभ्र मैदानावर स्नोमोबाईल, म्हणजे बर्फावरच्या गाड्या, पळवताहेत, ते मैदान नाही. शेत आहे, अल्फाल्फाचं. आपल्याकडचं लसूणघास. बर्फ भुसभुशीत असतो तोवर खाली मुळांना ऊब राहते. स्लेडनं (म्हणजे स्नोमोबाईलनं) तो दाबला की थंडी थेट मुळांपर्यंत उतरते आणि बर्फ वितळल्यावर तेवढेच पट्टे मेलेले दिसतात. रविवारी सकाळी शेतकऱ्याचा आमच्या क्लबला फोन आला. अध्यक्ष आणि मी जाऊन माफी मागून आलो. तो बिचारा चिडलाही नाही, नुसता गप्प बसला. तेच जास्त लागलं.

बंटी:
नाना, सॉरी. खरंच कळलं नाही, सगळं सपाटच दिसत होतं. पण एक विचारू? गाडीच्या नोंदणीचे पैसे आपण राज्याला भरतो. मग ट्रेल, म्हणजे स्लेडसाठी आखलेल्या वाटा, सरकारी नाहीत का?

नाना:
इथेच सगळे फसतात. इथे अमेरिकेत, मिनेसोटा राज्यात २१ हजार मैलांहून जास्त ट्रेल आहेत आणि बहुतेक सगळ्या गावोगावचे क्लब सांभाळतात. नोंदणीचे आणि पेट्रोलवरच्या कराचे पैसे राज्याकडून अनुदान म्हणून येतात, पण जमीन बरीचशी खासगी. गावाकडे बांधावरून वर्षानुवर्षं गेलं की वहिवाट म्हणून तहसीलदाराकडे भांडता तरी येतं. इथे शेतकरी 'हो' म्हणाला म्हणून आपण जातो. उद्या 'नाही' म्हणाला की संपलं. आणि त्याचं शेत गेलं म्हणजे अर्धाच मैल गेला असं नाही. पलीकडे ओढ्यावरचा पूल आहे, त्यापुढचं गाव तुटतं. तिथला पेट्रोलपंप आणि कॅफे हिवाळ्यात स्लेडवाल्यांवरच तर चालतात.

शुक्रवारी रात्री ११ ते पहाटे ४ मी ग्रूमर, म्हणजे ट्रेल सपाट करायचं यंत्र, चालवत होतो. मागे ड्रॅग (बर्फ तासायचं अवजार) लावून ताशी जेमतेम ७-८ मैल. उंचवटे तासायचे, खड्डे भरायचे, मग दाबलेला बर्फ थंडीत घट्ट व्हायला काही तास द्यायचे. म्हणून तर हे काम रात्री. २०२३-२४ च्या हिवाळ्यात बर्फच पडला नाही, ग्रूमर शेडमध्ये धूळ खात होता. निसर्गापुढे इलाज नाही. पण ट्रेल आपल्या हातानं बंद पाडायची म्हणजे काय!

(आणि हो, समोरून येणारा बोटं दाखवतो तो नमस्कार नसतो. मागे अजून किती स्लेड आहेत ते सांगत असतो. फोटोत कुणीतरी त्याला टाटा करतंय.)

ताई:
टाटा करणारी मीच. 🙈 नाना, पुढच्या सहलीला निघण्याआधी पार्किंगमध्ये दहा मिनिटं तुम्हीच सगळ्यांना सांगा. पत्रकं कुणी वाचत नाही. आणि त्या शेतकऱ्याकडे चकल्या घेऊन गेलं तर चालेल का?

नाना:
चालेल की. पण आधी बंटी जाईल, बाकीच्या दोघांना घेऊन. आणि बर्फ पडायच्या आधी, ऑक्टोबरात, खुणांचे खुंट ठोकायला क्लबला माणसं लागतात.

बंटी:
ऑक्टोबरला आम्ही तिघं नक्की. रविवारी १० वाजता शेतकऱ्याकडे जातो. पत्ता पाठवाल?

नाना:
पत्ता लिस्टवर नको, फोन करतो. कारनं जा. रस्त्यानं.