मदत हवी आहे: 'पडणारा पडतोच' म्हणणाऱ्या भावाला कसं समजवायचं?

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ रोज कांदिवलीहून अंधेरीला बाईकने जातो, वेस्टर्न एक्सप्रेस हायवेने. चालवतो चांगली, हे मान्य. पण अपघाताचा विषय काढला की एकच उत्तर: "ज्याला पडायचंय तो पडतोच, दादा." हेल्मेट कोपरात अडकवलेलं, पोलीस दिसला की डोक्यावर. पट्टा तर लावतच नाही! म्हणजे पहिल्याच आपटीत ते उडून जाणार. बाईक १५० सीसीची, एबीएसवाली. त्या जोरावर पहिल्या पावसातही बसच्या मागे चिकटून चालवतो. एबीएसमुळे चाक लॉक होत नाही, पण ओल्या, तेलकट रस्त्यावर थांबायला जास्त अंतर लागतंच, हे त्याच्या गावीही नाही.

दंडाची भीती घालून झाली, आईचं रडूनही झालं. उलट जोरच चढतो.

रोज बाईक चालवणाऱ्यांना विचारतो: पडण्याची शक्यता डोक्यात ठेवून, पण न बिचकता कसं चालवता? कुणी पडलं असेल तर नंतर चालवण्यात नेमकं काय बदललं? मुंबईत ब्रेकिंग नीट शिकवणारा कोर्स कुणी केलाय का? आणि उकाड्यात सहन होईल असं आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट सुचवा, म्हणजे "घाम येतो" हे कारण तरी संपेल.